किमतीत दडलेला पैसा

18 डिसेंबर 2010 च्या संध्याकाळी इराणचे तेव्हाचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद टीव्हीवर आले आणि त्यांनी देशाला सांगितलं, की आज मध्यरात्रीपासून पेट्रोल, डिझेल, गॅस, वीज, पाणी आणि रोटी, सगळ्याचे भाव वाढणार आहेत. वाढ दहा-वीस टक्क्यांची नव्हती. कोट्यातलं पेट्रोल लिटरमागे 1,000 रियालवरून 4,000 वर जाणार होतं. डिझेल 165 रियालला मिळत होतं, ते कोट्यात 1,500 आणि कोट्याबाहेर 3,500 रियाल होणार होतं. रोटीचा भाव दुपटीच्या वर जाणार होता. एवढी भाववाढ एका फटक्यात केली की रस्ते पेटतात, असा जगभरचा अनुभव आहे. खुद्द इराणमध्ये जून 2007 मध्ये काही तासांच्या सूचनेवर पेट्रोलचं रेशनिंग लागू झालं, तेव्हा संतापलेल्या लोकांनी तेहरानमधले पंप जाळले होते. या वेळी मात्र सकाळ उजाडली, लोकांनी नव्या दराने पेट्रोल भरलं आणि ते कामाला गेले.

हे घडलं कसं, याचं उत्तर बँकेत होतं. भाववाढीच्या कित्येक आठवडे आधीपासून सरकारने कुटुंबप्रमुखांच्या खात्यांची नोंद करून घेतली होती. लाखो खाती तर नव्यानेच उघडली गेली. त्या खात्यांत दोन महिन्यांची रक्कम जमाही झाली होती. शिल्लक दिसत होती, पण काढता येत नव्हती. ज्या मध्यरात्री भाव वाढले, त्याच वेळी ही रक्कम मोकळी झाली. फटका बसण्याआधीच प्रत्येक घराने आपली भरपाई डोळ्यांनी पाहिली होती. रक्कम होती माणशी, महिन्याला 4,55,000 रियाल. तेव्हाच्या दराने साधारण 45 डॉलर, म्हणजे आपले दोनेक हजार रुपये. तान्ह्या बाळाचे तेवढेच, आजोबांचे तेवढेच. लोक या पैशाला ‘याराने’ म्हणू लागले. सुरुवातीलाच सहा कोटींहून अधिक माणसांच्या नावाने ही रक्कम जमा झाली, आणि पुढे हा आकडा सात कोटींच्या वर गेला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेसात कोटींच्या आसपास होती.

अनुदान बंद करून त्याऐवजी रोख पैसे द्यायचे, ही कल्पना कागदावर रुक्ष वाटते. पण एक अख्खा देश एका रात्रीत या वाटेने गेला आणि त्यानंतर काय काय झालं हे पाहिलं, की पैसा नावाची गोष्ट किती अजब आहे याचं मला नव्याने आश्चर्य वाटतं. तोच पैसा, त्याच सरकारचा, त्याच लोकांसाठी. पण किमतीत दडवून दिला तर एक वागतो आणि हातात दिला तर दुसराच.

आधी दडवलेल्या पैशाकडे पाहू. 2010 पूर्वी इराणमध्ये कोट्यातलं पेट्रोल लिटरला दहा सेंटना, म्हणजे आपल्या साडेचार-पाच रुपयांना मिळत होतं. त्याच महिन्यात मुंबईत पेट्रोल साठीच्या घरात होतं. इराणमधलं डिझेल तर लिटरला एका रुपयाहूनही कमी पडत होतं. यासाठी इराण सरकार कुणाला चेक लिहून देत नव्हतं. देशाच्या जमिनीतलं तेल बाहेर विकलं असतं तर जे पैसे आले असते, ते येऊ दिले जात नव्हते, इतकंच. आणि न आलेला पैसा कुठल्याच वहीत नोंदला जात नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा डिसेंबरच्या त्या रात्री हटलेलं छुपं अनुदान वर्षाला जवळपास 60 अब्ज डॉलर निघालं. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे 15 टक्के! इतकी मोठी रक्कम दरवर्षी वाटली जात होती आणि ती कुणाला किती मिळते हे कुणीच मोजत नव्हतं.

मोजलं तर काय दिसतं? स्वस्त पेट्रोल ज्याच्याकडे गाडी आहे त्याला मिळतं. दोन गाड्या असतील तर दुप्पट मिळतं. मोठं घर, जास्त हीटर, जास्त वीज असेल तर अनुदानही जास्त. ज्या घरात गाडीच नाही, त्याच्या वाट्याला बसचं स्वस्त भाडं आणि स्वस्त रोटी तेवढी येते. ‘गरिबांसाठी स्वस्त’ म्हणून ठेवलेल्या भावाचा मोठा वाटा असा बिनबोभाट श्रीमंतांच्या टाकीत जात राहतो. शिवाय शेजारच्या पाकिस्तानात, अफगाणिस्तानात डिझेल कितीतरी महाग असल्यामुळे सीमाभागातून डबेच्या डबे पलीकडे जात होते. इराणी जनतेसाठीचं अनुदान परक्या देशातल्या ट्रकमध्ये जळत होतं.

आता तीच रक्कम माणशी वाटली की काय होतं ते एका घराच्या हिशेबातून पाहा. पेट्रोलचा दर कोट्यात 1,000 वरून 4,000 आणि कोट्याबाहेर 4,000 वरून 7,000 झाला, म्हणजे दोन्हीकडे लिटरमागे 3,000 रियालची वाढ. महिन्याला 150 लिटर पेट्रोल जाळणाऱ्या गाडीमागे जादा खर्च आला 4,50,000 रियाल. जवळपास एका माणसाच्या यारानेइतका! चौघांच्या घरात महिन्याला 18,20,000 रियाल येत होते. एक गाडी असलेल्या चौघांच्या कुटुंबाला पेट्रोलची वाढ भागवूनही तीन माणसांचे पैसे उरत. त्यातून वीज, गॅस आणि रोटीची वाढ भागवायची. गाडी नसलेल्या शेतमजुराच्या घरात तर बरीचशी रक्कम शिल्लकच. दोन-तीन गाड्या आणि मोठा बंगला असलेल्याला मात्र तोटा. कुणाचं उत्पन्न किती, कोण गरीब, कोण श्रीमंत हे एका शब्दाने न विचारता पैसा आपोआप वरून खाली वाहू लागला.

विचारायचा प्रयत्न झाला होता, बरं का. आधीची योजना अशी होती, की लोकांकडून उत्पन्नाचे अर्ज भरून घ्यायचे, कुटुंबांचे तीन गट पाडायचे आणि वरच्या गटाला कमी द्यायचं किंवा वगळायचं. लोकांना आपला गट कळला आणि गहजब झाला. शेजाऱ्याचा गट खालचा आणि माझा वरचा कसा, असं जो तो विचारू लागला. सरकारने ते गट गुंडाळले आणि मागेल त्या सगळ्यांना सारखी रक्कम द्यायचं ठरवलं. दारिद्र्यरेषेच्या याद्यांवरून गावोगावी होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातलं शहाणपण सांगावं लागणार नाही.

परिणाम पहिल्या दोन वर्षांत ठळक दिसला. ग्रामीण भागातली गरिबी घटली, उत्पन्नातली दरी कमी झाली. सुरुवातीच्या महिन्यांत इंधनाचा खपही उतरला. आणि मग अर्थशास्त्रज्ञांना खुणावणारा प्रश्न पुढे आला: मध्यम उत्पन्नाच्या घराच्या कमाईच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम दर महिन्याला आयती मिळत असेल, तर माणसं काम सोडतील का? ‘फुकटचं मिळालं की माणूस आळसावतो’ हे आपल्याकडे पारावर जितक्या ठामपणे सांगितलं जातं, तितक्याच ठामपणे तेहरानमध्येही सांगितलं जात होतं. जवाद सालेही-इस्फहानी आणि मोहम्मद मुस्तफवी-देहजुई या अर्थतज्ज्ञांनी त्याच त्या कुटुंबांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीच्या आतले तरुण वगळता कुणी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट स्त्रिया आणि स्वतःचा धंदा करणारे पुरुष यांचं काम थोडं वाढलेलं दिसलं. असं का व्हावं? छोट्या धंद्याला हातात चार पैसे खेळते असले की माल भरता येतो, हे एक कारण असू शकतं. गरीब माणूस बहुधा आळसामुळे नव्हे, भांडवलाअभावी अडलेला असतो.

इथवर ही गोष्ट एखाद्या यशोगाथेसारखी चालते. पुढचा भाग मात्र कडू आहे, आणि खरं शिकण्यासारखं त्यातच आहे.

कायद्यात वाटणी ठरली होती: भाववाढीतून आलेल्या पैशातला निम्मा कुटुंबांना, 30 टक्के उद्योगांना आणि 20 टक्के सरकारला. प्रत्यक्षात कुटुंबांना द्यायची रक्कमच जमा पैशांहून मोठी निघाली. उद्योगांच्या वाट्याचं बहुतेक कागदावरच राहिलं. महाग वीज आणि महाग डिझेल मात्र त्यांना लगेच सोसावं लागलं. खड्डा भरायला सरकारने मध्यवर्ती बँकेकडून उसने घेतले. म्हणजे नवा पैसा बाजारात आला. तेवढ्यात 2012 मध्ये अणुकार्यक्रमावरून तेलावरचे आणि बँकांवरचे निर्बंध आवळले गेले आणि रियाल कोसळला. जो डॉलर 10,000 रियालला मिळत होता, तो त्या वर्षाच्या उत्तरार्धात 30,000 च्या वर गेला. 2013 मध्ये महागाई 40 टक्क्यांपर्यंत पोहोचली.

आणि याराने? 4,55,000 रियाल. 2010 मध्ये तेवढेच, 2013 मध्ये तेवढेच, 2019 मध्येही तेवढेच. खुल्या बाजारातल्या दराने 45 डॉलरचे चार डॉलरच्या आसपास उरले. कुणी योजना रद्द केली नाही, कुणी घोषणा केली नाही, संसदेत मतदान झालं नाही. रक्कम दर महिन्याला नेमाने जमा होत राहिली आणि नाहीशी होत राहिली.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पेट्रोलच्या बाबतीत झाली. भाववाढीनंतर पेट्रोलची किंमतही रियालमध्येच ठोकून बसवलेली होती. 2015 मध्ये कोट्यातला आणि कोट्याबाहेरचा असे दोन दर काढून एकच, 10,000 रियालचा दर झाला. आता हिशेब करा. 2010 च्या आधी लिटरला 1,000 रियाल आणि डॉलरला 10,000 रियाल: दहा सेंट. 2019 मध्ये लिटरला 10,000 रियाल आणि डॉलरला लाखाच्या वर: पुन्हा दहा सेंटच्या आतबाहेर. किंमत दहापट होऊनही पेट्रोल होतं तिथेच! गाजावाजा करून उपटलेलं अनुदान मुळासकट परत उगवलं होतं आणि त्याच्या बदल्यात द्यायची भरपाई मात्र विरघळून गेली होती. गरीब माणूस दोन्हीकडून गेला.

15 नोव्हेंबर 2019 ला सरकारने पुन्हा भाव वाढवला: महिन्याला पहिल्या 60 लिटरला 15,000 रियाल, पुढे 30,000. या वेळी खात्यात आधी काही आलेलं नव्हतं. भाव मध्यरात्री वाढले, रोख मदत नंतर मिळेल असं सांगितलं गेलं. देशभर निदर्शनं उसळली, सरकारने जवळपास आठवडाभर इंटरनेट बंद ठेवलं, आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार 300 हून अधिक माणसं मारली गेली. दोन्ही वेळा देश तोच होता. 2019 ची परिस्थिती अधिक हलाखीची होती, निर्बंध पुन्हा लागले होते, लोकांचा संताप केवळ पेट्रोलचा नव्हता, हे खरंच. तरीही आधी पैसे आणि मग भाव, की आधी भाव आणि मग पैसे, या क्रमात केवढी मोठी गोष्ट दडलेली असते ते या दोन रात्री शेजारी ठेवल्या की कळतं. सरकारवर विश्वास ठेवा असं म्हणणं सोपं आहे. विश्वास ठेवायची गरजच पडू नये अशी व्यवस्था करणं हे 2010 चं कर्तृत्व होतं.

आपल्या स्वयंपाकघरातही याच प्रयोगाची एक वेगळी आवृत्ती होऊन गेली आहे. घरगुती गॅसची 14.2 किलोची टाकी पूर्वी थेट स्वस्तात मिळायची. हॉटेलवाल्याला मात्र 19 किलोची व्यावसायिक टाकी महाग पडायची. दोन भावांमधली ही फट म्हणजे काळ्या बाजाराचं आमंत्रणच. घरगुती टाक्या मागच्या दाराने टपऱ्यांवर आणि हॉटेलांत जात. जून 2013 मध्ये निवडक जिल्ह्यांत नवी पद्धत आली: टाकी सगळ्यांनी पूर्ण भावाने घ्यायची आणि फरकाची रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा व्हायची. मार्च 2014 मध्ये योजना थांबवली गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये 54 जिल्ह्यांत आणि 1 जानेवारी 2015 पासून देशभर ती ‘पहल’ या नावाने परत आली. ‘सबसिडी जमा झाली का?’ हा प्रश्न त्यानंतर घरोघरी ऐकू येऊ लागला.

ही चालू-बंद-चालू अशी धरसोड एका संशोधकाला मोठी संधी वाटली. प्रभात बर्नवाल यांनी टाक्यांच्या विक्रीच्या नोंदी तपासल्या. योजना सुरू झाली तिथे घरगुती टाक्यांची विक्री 11 ते 14 टक्क्यांनी घटली. योजना थांबली तशी विक्री पुन्हा वाढली! लोकांनी काही योजना सुरू असताना स्वयंपाक कमी केला आणि ती बंद पडल्यावर वाढवला, असं झालेलं नव्हतं. घटली ती खोट्या नावांवरची आणि वळवलेल्या टाक्यांची विक्री. चोरून मिळणाऱ्या टाकीचा भावही चढला. टाकीतला गॅस कुठेही वळवता येतो, पण टाकीची किंमतच सगळ्यांना सारखी झाली की वळवण्यात नफा उरत नाही. पोलीस न पाठवता, छापे न घालता, नुसता पैसा किमतीतून काढून खात्यात टाकल्याने चोरीची हवा गेली. मला यातला साधेपणा फार मोहवतो.

‘पहल’मध्ये आणखी एक गोष्ट होती, जी इराणच्या योजनेत नव्हती. जमा होणारी रक्कम दर महिन्याच्या भावाप्रमाणे हलत होती. टाकी महागली की सबसिडी वाढायची, उतरली की कमी व्हायची. 2018 च्या अखेरीस ती टाकीमागे चारशे रुपयांच्या वर गेली होती. मे 2020 मध्ये जागतिक भाव पडले, फरक उरला नाही आणि रक्कम शून्य झाली. तोवर सगळं नियमाप्रमाणे होतं. पुढे टाकी हजार रुपयांच्या वर गेली, पण सर्वसाधारण ग्राहकाची सबसिडी काही परत आली नाही. 2022 पासून ‘उज्ज्वला’च्या लाभार्थ्यांपुरती ठरावीक रक्कम देण्यात आली. पुन्हा तेच. बंद झाल्याची दवंडी कुणी पिटली नाही, खात्यात येणारा आकडा तेवढा थांबला.

धान्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळत होतं. जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात द्यायचं ठरलं. पाच किलोला 150, म्हणजे किलोला 30 रुपये धरले. गहू बाजारात 35 ला गेला, तर त्याच पैशात पाच किलोंचे सव्वाचार किलो होतात. पाच किलो गहू मात्र भाव काहीही झाला तरी पाच किलोच राहतो. पुढे ही रक्कम 170 करण्यात आली, पण तिच्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागला. धान्यासाठी तो लागला नसता.

धान्य आणि पैसे यांच्यातला आणखी एक सूक्ष्म फरक मेक्सिकोत सापडला. तिथल्या सरकारने या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेकडच्या गरीब गावांत एक योजना राबवली. काही गावांना दर महिन्याला ट्रकने मक्याचं पीठ, तांदूळ, राजमा, तेल, दूधपावडर असा शिधा जायचा, तर काही गावांना 150 पेसो रोख मिळायचे. कुठल्या गावाला काय, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. जेसी कुन्हा, जियाकोमो दी जॉर्जी आणि सीमा जयचंद्रन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या किराणा दुकानांतले भाव पाहिले. शिधा गेलेल्या गावांत खाण्याच्या वस्तूंचे भाव रोख मिळालेल्या गावांच्या तुलनेत सुमारे चार टक्क्यांनी खाली राहिले, आणि दूरच्या, आडवळणाच्या गावांत हा फरक जास्त होता. ट्रकमधून माल आला की गावातला माल वाढतो. पैसे आले की गावातली मागणी वाढते. जिथे रस्ता चांगला आणि दुकानं चार, तिथे हे कळतही नाही. जिथे दुकान एकच, तिथे खात्यात आलेल्या पैशाचा एक तुकडा भावाच्या वाटेने निसटतो. म्हणजे तेच 150 पेसो शहराजवळ एक किमतीचे आणि डोंगरापलीकडे दुसऱ्या किमतीचे.

हे सगळं एकत्र ठेवलं की रोख चांगली की अनुदान चांगलं, हे भांडण मला अपुरं वाटू लागतं. किमतीत दडवलेला पैसा गळतो, श्रीमंताकडे वाहतो आणि मोजता येत नाही. पण त्याचा एक मोठा गुण असा, की तो महागाईबरोबर आपोआप वाढतो. हातात दिलेला पैसा सरळ माणसापर्यंत पोहोचतो, गळती थांबवतो, निवड करू देतो. पण त्याला स्वतःहून वाढता येत नाही. अनुदान रद्द करायचं तर सरकारला उघडपणे भाव वाढवावे लागतात, लोकांच्या रोषाला तोंड द्यावं लागतं. रोख रक्कम रद्द करायला काहीच करावं लागत नाही. नुसतं वर्षानुवर्षं स्वस्थ बसलं की पुरे.

म्हणून एखादी वस्तू किंवा सवलत काढून त्याऐवजी खात्यात पैसे देण्याची घोषणा होईल, तेव्हा किती रुपये मिळणार या प्रश्नावर थांबू नये. ती रक्कम पुढच्या वर्षी कशी ठरणार, हे विचारावं. भाव वाढला की रक्कमही वाढेल असं कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे. मंत्रिमंडळाच्या मर्जीवर, निवडणुकीच्या हंगामावर ते सोडता कामा नये. इराणच्या सामान्य माणसांनी आपल्या वाट्याचं सगळं केलं होतं. चौपट भाव सोसले आणि आयता पैसा मिळूनही बहुतेकांनी काम सोडलं नाही. माणसांवर भरवसा ठेवून मांडलेला हा प्रयोग माणसांमुळे फसला नाही; तो एका न बदललेल्या आकड्यामुळे फसला. आणि आकडा बदलणं हे तर सरकारच्या हातातलं सगळ्यात सोपं काम आहे.